इंजिनाआधी वाट मोजा

आम्ही कॉमर्सचे पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून. इंजिन आम्हाला उघडता येत नाही आणि उघडले तर बंद करता येणार नाही. तरीही यावेळी इंजिनावर लिहिण्याचा प्रसंग आला. कारण गाडीच्या कर्जाच्या कागदावर जामीनदाराची जागा रिकामी असते आणि वस्तीतला होतकरू तरुण ती जागा भरून घ्यायला आमच्याकडेच येतो.

गेल्या महिन्यात असाच एक तरुण आईला घेऊन आमच्या घरी आला. सहा वर्षे दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे. हात साफ, व्यसन नाही. त्याने चार रंगीत कागद चटईवर मांडले आणि म्हणाला, "काका, स्वतःची गाडी घ्यायचं पक्कं केलंय. आता इंजिन कोणतं घेऊ, एवढंच सांगा. शोरूमवाला म्हणतो टर्बो डिझेल घे, घाटात रडत नाही. दोस्त म्हणतो सीएनजी घे. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, हायब्रीडचा जमाना आलाय, थांब."

आई कोपऱ्यात बसली होती. ती एकच वाक्य बोलली. "भाऊ, गाडी दारात उभी राह्यली तर हप्ता पण उभा राहतो का?"

आमच्या मंडळी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. त्यांना जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीला आम्ही जामीन राहिलो होतो. त्या गृहस्थाने कामापेक्षा मोठी गाडी घेतली. काम गावातल्या गावात, गाडी मात्र हायवेची. वर्षभरात सायलेन्सरचा दिवा लागू लागला, गाडी गॅरेजला, हप्ते मागे. शेवटी फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले आणि उरलेली रक्कम आमच्या पगारातून गेली. त्या गृहस्थाची नियत वाईट नव्हती, चुकला तो हिशेब. म्हणून यावेळी सही करण्याआधी हिशेब मांडायचा असे आमच्या घरात ठरलेले आहे.

प्रथम हायब्रीडचे पाहू, कारण तरुणांच्या तोंडी सध्या तोच शब्द आहे. हायब्रीड म्हणजे एका गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार, दोन्ही. ब्रेक दाबला की चाकातला जो जोर एरवी तापून वाया जातो, त्यातला काही भाग बॅटरीत साठतो आणि पुन्हा गाडी हलवायला कामी येतो. पुष्कळजण पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणाऱ्या गाडीलाही हायब्रीड म्हणतात, ते बरोबर नाही. तिच्यात इंजिन एकच असते, फक्त इंधने दोन.

आमच्या तरुणाने मोबाईलवर एका अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ पाहिला होता. ती गाडी फोर्ड कंपनीची मॅव्हरिक. २०२१ साली जाहीर झाली आणि एकाच गाडीत दोन प्रकार देण्यात आले, एक हायब्रीड आणि एक टर्बो पेट्रोल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या त्या पहिल्या गाड्यांचे तिकडील सरकारी चाचणीतले आकडे आपल्या हिशेबात बसवले तर असे येतात. शहरात हायब्रीड लिटरला सुमारे १८ किलोमीटर देते, टर्बो सुमारे १०. हायवेला हायब्रीड सुमारे १४ आणि टर्बो सुमारे १३. म्हणजे शहरात जवळपास दुप्पट फरक आणि हायवेला जेमतेम एका किलोमीटरचा. कारण उघड आहे. हायवेला ब्रेक कमी लागतो, मग बॅटरीत साठणार काय? ओढण्याच्या ताकदीत मात्र उलटे. सुरुवातीची हायब्रीड मागे सुमारे ९०० किलोची गाडी ओढू शके, तर टर्बो जादा साहित्य लावल्यावर सुमारे १,८०० किलोची.

ही अमेरिकेची गाडी आपल्याला घ्यायची नाही. पण तिच्यापासून शिकण्यासारखी गोष्ट आहे. एकाच कंपनीच्या एकाच गाडीत एक इंजिन शहरात जिंकते आणि दुसरे ओझ्याला जिंकते. चांगले इंजिन कुठले, या प्रश्नाला वाट आणि ओझे समजल्याशिवाय उत्तर नाही. आपल्या बाजारात छोट्या मालवाहू गाडीत हायब्रीड आमच्या पाहण्यात आलेली नाही. तेव्हा मावसभावाचे ऐकून थांबण्यात अर्थ नाही. आपल्यापुढचा सवाल पेट्रोल, सीएनजी, टर्बो डिझेल आणि वीज, एवढ्या चौघांतला आहे.

आता टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून धूर जोराने बाहेर पडतो. त्या धुराच्या वाटेत एक लहान चक्र बसवायचे. धूर ते चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळते, म्हणून लहान इंजिनही मोठी ताकद देते. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँडची दोस्त यांसारख्या डिझेल गाड्या टर्बोवरच चालतात. भरल्या गाडीने येडशीचा किंवा तुळजापूरचा घाट चढायचा तर टर्बोचा फरक पायाला कळतो, यात शंका नाही.

पण टर्बोला जपावे लागते. ते चक्र भयंकर वेगाने फिरते आणि तेलाच्या आधारावर फिरते. तेल वेळेवर बदलले नाही, किंवा घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले, तर टर्बोचे आयुष्य कमी होते. मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवून मग बंद करावी, हे जुन्या ड्रायव्हरांना सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट १ एप्रिल २०२० पासूनची. त्या दिवशी देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यामुळे बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. साचलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने पळावी लागते. हायवेला ते आपोआप होते. गल्लीबोळात, दोन किलोमीटर गेले की थांबले, अशा कामात होत नाही. मग जाळी तुंबते आणि दिवा लागतो. आमच्या त्या जुन्या जामिनाची गाडी याच दुखण्याने गॅरेजला लागली होती. दोष गाडीचाही नव्हता. हायवेच्या गाडीला बाजारपेठेत जुंपले, एवढेच.

छोट्या गाड्यांत डिझेल मागे का पडले, तेही यातून कळते. टाटाची एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', मे २००५ मध्ये आली, ती सुमारे ७०० सीसीच्या दोन सिलेंडरच्या डिझेल इंजिनावर. मारुतीची सुपर कॅरीही २०१६ साली डिझेलवर आली. बीएस-६ नंतर मारुतीने डिझेल सोडले आणि आता ती पेट्रोल व सीएनजीवर मिळते. जून २०२५ मध्ये टाटाने एस प्रो ही आणखी स्वस्त गाडी आणली. ती पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि वीज अशा तीन प्रकारांत, भार ७५० किलोचा. जाहीर झालेल्या सुरुवातीच्या किमती होत्या पेट्रोल ३ लाख ९९ हजार, सीएनजी-पेट्रोल ४ लाख ९९ हजार आणि वीज ६ लाख ५० हजार. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणून आजचा भाव विक्रेत्याकडून लेखीच घ्यावा. आम्ही हिशेबासाठी पेट्रोल आणि सीएनजी यांत एक लाखाचा फरक धरतो.

एवढे सांगून झाल्यावर आम्ही त्या तरुणाला दोनशे पानांची वही दिली आणि सांगितले, "पंधरा दिवस रोज लिही. किती किलोमीटर, कुठला रस्ता, किती ओझे, किती भाडे. मग ये."

तो तोंड पाडून गेला. पण पंधरा दिवसांनी वही भरून आला.

वही बोलकी होती. पंधरा दिवसांत तेरा दिवस काम, एकूण १,०४० किलोमीटर. म्हणजे कामाच्या दिवशी सरासरी ८० किलोमीटर. त्यात नऊ दिवस धाराशिव शहर आणि आसपासची गावे. भाजी, किराणा, फरशी, लग्नाची भांडी. दोन दिवस तुळजापूर. एक फेरी लातूरची आणि एक सोलापूरची. ७५० किलोंपेक्षा जास्त ओझे फक्त एकदा, सोलापूरला कांदा नेताना.

आम्ही विचारले, "हे सगळे गिऱ्हाईक मालकाचे. तू स्वतःची गाडी घेतलीस तर यातले तुला कोण बोलावील? त्यांच्यापुढे खूण कर." तो बराच वेळ वही पाहत बसला. तेरा दिवसांपैकी नऊ दिवसांच्या कामापुढे खूण पडली. म्हणजे महिन्याला अठरा दिवस. पंचवीस दिवस काम मिळेल असे तो धरून चालला होता. वाचकहो, खरा धोका येथेच असतो. आपला तरुण दुसऱ्याच्या धंद्याचा आकडा स्वतःचा समजून कर्ज काढतो.

आता सीएनजीचा हिशेब घ्या. आकडे समजण्यासाठी गोल धरले आहेत. आपण आपल्या गावचा भाव आणि आपल्या गाडीचे ॲव्हरेज घालावे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज २० धरा. ८० किलोमीटरला ४ लिटर, म्हणजे ४२० रुपये. सीएनजी ९५ रुपये किलो आणि ॲव्हरेज २५ धरा. ८० किलोमीटरला ३.२ किलो, म्हणजे ३०४ रुपये. रोजची बचत ११६ रुपये.

दुसऱ्या बाजूला, सीएनजी गाडीला एक लाख रुपये जास्त कर्ज. बारा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर लाखाला महिना हप्ता सुमारे २,२२५ रुपये. आता ताळा करा. महिन्यात पंचवीस दिवस गाडी चालली तर बचत २,९०० रुपये. हप्ता वजा जाऊन पावणेसातशे हाती राहतात. अठराच दिवस चालली तर बचत २,०८८ रुपये. हप्त्यालाच पुरत नाही. आणि पंप वाटेवर नसेल, दर दोन दिवसांनी गॅस भरायला जाऊन-येऊन ३० किलोमीटर वाकडे जावे लागत असेल, तर त्या फेरीचे ११४ रुपये गेले. रोजची बचत ५९ वर येते. अठरा दिवसांचे होतात १,०६२ रुपये. रांगेत गेलेला वेळ वेगळाच.

याचा अर्थ सीएनजी वाईट, असा नाही. जो रोज १५० किलोमीटर चालतो आणि ज्याच्या वाटेवरच पंप आहे, त्याची याच भावाने पंचवीस दिवसांत सुमारे ५,४०० रुपये बचत होते. त्याने सीएनजीच घ्यावी. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गॅसवर ताकद थोडी कमी मिळते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. आणि पंपावर स्वतः दोन-तीन वेळा वेगवेगळ्या वेळी जाऊन रांग पाहून यावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

टर्बो डिझेलची मोठी पिकअप समजा पाच लाखांनी महाग पडली. मग महिन्याला ११,००० रुपयांवर जास्त हप्ता. हे पैसे कोण देणार? ओझे देणार. उमरग्याहून किंवा नळदुर्गाहून जो रोज सव्वा-दीड टन माल हायवेने सोलापूरला नेतो, त्याला छोट्या गाडीत दोन फेऱ्या कराव्या लागतील. त्याच्यासाठी टर्बो डिझेलच शहाणपणाची, तिथे छोटी गाडी घेणे हीच चूक. पण आमच्या तरुणाचे मोठे ओझे पंधरा दिवसांत एक. त्या एका कांद्यासाठी पाच वर्षे महिना अकरा हजार भरायचे? ते भाडे त्याने खुशाल ओळखीच्या मोठ्या गाडीला द्यावे.

"छोट्याच गाडीत भरलं तर?" असे त्याने विचारलेच. ते करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराचा दंड २० हजार रुपये आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय ब्रेक लागत नाही तो भाग वेगळा. एक फायद्याची गोष्ट मात्र सांगून ठेवतो. मालासकट एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. पासिंग, विमा आणि पीयूसी लागतातच. कोणी परमिटच्या नावाने पैसे मागितले तर आधी गाडीच्या कागदावरचे वजन वाचावे.

विजेच्या गाडीचे एवढेच. चालवण्याचा खर्च सर्वांत कमी, आणि शहरात थांबत-थांबत जाण्याच्या कामाला ती हायब्रीडसारखीच फायद्याची, कारण ब्रेकचा जोर तिच्याही बॅटरीत जातो. पण कंपनी सांगते ते किलोमीटर चाचणीतले असतात. भरल्या गाडीला, चढाला ते कमी होतात. रात्री घरापाशी चार्जिंगची पक्की सोय आहे का, वीज किती वेळ जाते, बिघडली तर मिस्त्री कुठे, आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तरच पुढे जावे. लातूर-सोलापूरची लांब भाडी असणाऱ्याने तर दोनदा विचार करावा.

आता कर्जाबद्दल दोन शब्द, कारण हे आमच्या कामातले आहे. फायनान्सवाला "सात टक्के फ्लॅट" असे गोड सांगतो. बँक "साडेबारा टक्के" सांगते. आमचा तरुण सात टक्क्यांवर खूश होता. आम्ही कागद घेतला. एक लाखावर सात टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचे व्याज ३५ हजार, हप्ता २,२५० रुपये. बँकेच्या साडेबारा टक्के घटत्या व्याजाने लाखाचा हप्ताही २,२५० रुपयेच येतो. सात आणि साडेबारा एकच निघाले! फ्लॅटमध्ये आपण फेडून टाकलेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहते, ही त्यातली खुबी. म्हणून टक्के विचारू नका. हप्ता किती, हप्ते किती आणि हप्त्याखेरीज कापून काय घेणार, हे तीन विचारा.

सरकारी वाटाही पाहाव्यात. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून आहे. तिच्यात ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण' गटात तारण न घेता कर्ज मिळते. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. तेथील बीज भांडवल योजनेची जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. जातीचा दाखला, कोटेशन आणि लायसन्स घेऊनच जावे. एका फेरीत काम होणार नाही हे मनाशी धरून जावे आणि दुसऱ्या फेरीला कंटाळू नये.

शेवटी त्या तरुणाचे काय ठरले? पंप त्याच्या वाटेवर नाही, काम अठरा दिवसांचे, ओझे हलके. साधी पेट्रोल गाडी, बिनटर्बोची. साठवलेले पैसे आधी भरून कर्ज साडेतीन लाखांचे. बारा टक्क्यांनी हप्ता सुमारे ७,८०० रुपये. अठरा दिवसांत वाटला तर रोज ४३३ रुपये, आणि पेट्रोल ४२०. म्हणजे रोजचे पहिले साडेआठशे रुपये त्याचे नाहीत. ते सुटल्यावर टायर, विमा, सर्व्हिसिंगचे बाजूला काढायचे, मग स्वतःची मजुरी धरायची, आणि त्यानंतर जे उरेल त्याला नफा म्हणायचे. हे त्याने आमच्यासमोर वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले.

लिहून झाल्यावर त्याचा चेहरा थोडा उतरला होता. स्टँडवर टर्बोवाल्यांच्या रांगेत लहान गाडी लावायची, याचे त्याला वाईट वाटत होते. ते आम्हाला समजते. ज्यांच्या घरात आजवर कोणाच्या नावावर चाक नव्हते, त्यांना मोठी गाडी हवीशी वाटणे साहजिक आहे. पण दुसऱ्याने ओढून नेलेल्या मोठ्या गाडीपेक्षा स्वतःच्या नावावर राहिलेली लहान गाडी मोठी असते. काम वाढले, वहीत जड ओझी रोज दिसू लागली, की हीच गाडी विकून मोठी घेता येईल. वाट मोकळी आहे.

त्याच्या आईने वही मागून घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली. म्हणाली, "रोज मीच लिहून घेत जाईन याच्याकडून. चौथी शिकलेय मी."

आम्ही मंडळींकडे पाहिले. त्यांनी पेन आणून दिले. आम्ही जामिनाच्या कागदावर सही केली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात अशी गाडी घेण्याचे चालले असेल, त्यांनी शोरूमला जाण्याआधी पंधरा दिवस वही भरावी. भरलेली वही घेऊन या, चटई टाकलेलीच आहे.